धाव

तासगाव रस्ता सोडून आत वळलं की
निलगिरीच्या दोन रांगा, मग तिकीटघर.
पूर्वी तबेला होता म्हणे.
माणशी वीस, ज्येष्ठ नागरिकांना दहा.
आप्पांनी आधारकार्ड काढून दाखवलं,
कुणी मागितलं नव्हतं तरी.

सुकुमार चौगुले नावाचा मुलगा हिंडवून आणतो.
हा दिवाणखाना. झुंबर बेल्जमचं.
या कोचावर बसू नका.
काचेच्या कपाटात पितळी समोवार,
कुणा रशियन पाहुण्यानं सरकारांना दिलेला,
तोटीवर एवढासा कोंबडा,
आणि खाली पाटी : पाणी तापवण्याचा बंब, लहान.
आप्पा हसले. बरोबरच आहे की, म्हणाले.

मग बाग.
नाक उडालेली संगमरवरी बाई,
नंबर घातलेली चिकूची झाडं,
मधोमध कारंजं, चार माशांची उघडी तोंडं.
‘आता फक्त रविवारी चालतं, मोटारीवर,’ सुकुमार म्हणाला,
‘पूर्वी रोज चालायचं. वीज नव्हती तरी.
नैसर्गिक दाबावर.’

नैसर्गिक दाबाची नावं मला पाठ आहेत,
हरण्या आणि बाजिंद.
पहाटे चारपासून टाकी भरेस्तोवर मोटा,
पाहुणे उठायच्या आत बैल भिंतीआड,
शेणाचा वास येता कामा नये.
आप्पा तेव्हा नऊ वर्षांचे,
नाड्यावर बसायला वजनापुरते.

‘विहीर कुठाय?’ त्यांनी विचारलं.
ती यादीत नव्हती.
स्वच्छतागृहाच्या मागं, घाणेरीत सापडली.
थारोळ्याचा दगड तसाच,
सोंदरानं कातरलेली खाच, बोट बसेल एवढी.
आप्पांनी बोट बसवलं.

मग ते धावेवरून उतरत गेले,
पार खालच्या दगडापर्यंत.
आणि तिथून, वळलेच नाहीत,
पाठमोरे, एकेक पाऊल मागं टाकत
चढ चढू लागले.
मोटेचा बैल तसाच येतो,
हे सुकुमारला कोण सांगणार.
‘आजोबा, मागं विहीर आहे!’ तो धावला.

काठ हातभर राहिला तेव्हा आप्पा थांबले,
न बघता.
‘भरली,’ म्हणाले.

मी वाकून पाहिलं.
बाटल्या तरंगत होत्या,
म्हणजे पाणी होतं.