अडत

नऊ वर्षं मी ओळखतो तो फक्त तिचा आवाज.
लीड्समधल्या कुठल्याशा मजल्यावरून टॅम्सिन बोलायची,
मागे आणखी दहा आवाज,
तेही कुणाला ना कुणाला खपवत असलेले.
"एम्रिस, अगदी तुझ्या मापाचं काम आहे," म्हणायची
आणि मी समजून जायचो,
बाही आखूड असणार.

यावेळी स्विंडन.
सोमवारी पहाटे स्वान्सीहून निघायचं, गुरुवारी रात्री परत.
मधल्या रात्री हॉकडेबाईंच्या माडीवरच्या खोलीत,
जिथे केटल आहे पण शेगडी नाही,
आणि भिंतीवर त्यांच्या मेलेल्या कुत्र्याचा फोटो.
हल्ली मी त्याला गुड नाइट म्हणतो.

ऑफिसात माझ्या गळ्यातली पट्टी पिवळी.
निळ्या पट्टीला पगार असतो,
पिवळीला दिवसाचा दर.
आजारी पडलो तर तो दिवस उगवलाच नाही.
डिसेंबरात सगळे जिन्यावर फोटोला उभे राहिले,
कुणीतरी फोन माझ्या हातात दिला.
मी काढला. चांगला आलाय,
तिसऱ्या पायरीवरच्या ग्लेनिसचे डोळे मिटलेत तेवढं सोडून.

विम्याचे हप्ते मोजणारा तो प्रोग्राम
सत्याऐंशी साली कुणा आर. पी. डी.ने लिहिलेला.
कोण तो, आता कुणालाच आठवत नाही.
चारशेव्या ओळीवर त्याने लिहून ठेवलंय:
हे का चालतं ते विचारू नये.
मी विचारलं नाही.

एका मंगळवारी प्रिंटरवर एक कागद राहून गेला होता.
माझं नाव. माझे एकवीस दिवस.
दर सहाशे दहा पौंड.
मला मिळत होते चारशे तीस.
कागद मी दोनदा वाचला
आणि उपडा करून ठेवला,
जणू चोरी माझीच पकडली गेली होती.
रात्रभर त्या कुत्र्यासमोर बसून वाक्यं जुळवली,
एकेक धारदार.
सकाळी तिचाच फोन:
"तीन महिने वाढवून मिळाले रे!"
इतकी खूश, की मुदत जशी काही तिचीच वाढली होती.
मी म्हणालो, थँक्यू.
घरी बॉयलर बदलायचा होता.

मार्चमध्ये फोनवर नवाच आवाज, मिसरूड न फुटलेला.
"मी कॅलम. टॅम्सिन आता आपल्यात नाही."
माझ्या हातातला चहा तसाच राहिला.
"नाही नाही, तशी नाही," तो हसला. "टार्गेट."

आठवड्याने अनोळखी नंबर.
आवाज तोच, पण मागे माणसं नाहीत,
वॉशिंग मशीनची घरघर.
"एम्रिस, तुझ्या ओळखीत कुठे काही…
म्हणजे, काहीही चालेल."

तिने बायोडेटा पाठवला.
माझा बायोडेटा दरवेळी तीच लिहायची:
"मदत केली" खोडून "नेतृत्व केलं",
मी घरी बसून काढलेले पाच महिने
तिच्या हातून गेले की "स्वतंत्र सल्लागार" व्हायचे.
आणि स्वतःच्या कागदावर, दोन हजार एकोणीसच्या पुढे,
तिने सरळ लिहिलं होतं:
आई आजारी. काम केलं नाही.

मी त्या ओळीवर बराच वेळ कर्सर ठेवून बसलो.
शब्द सुचत होते, तिनेच शिकवलेले.
एकही टाकला नाही.
वरची फक्त एक तारीख दुरुस्त केली,
आणि ग्लेनिसला विचारलं, तुमच्याकडे माणसं कोण निवडतं?
नऊ महिन्यांत तिला मी विचारलेला हा पहिला प्रश्न
ज्याचं उत्तर प्रोग्राममध्ये नव्हतं.

संध्याकाळी टॅम्सिनला कळवलं,
सोमवारी अकराला ये म्हणतायत.
ती हसली. "तुझी अडत किती?"
"साडेएकोणतीस टक्के," मी म्हणालो.

पलीकडे नुसतं मशीन फिरत राहिलं.
बऱ्याच वेळाने: "कधीपासून माहीत आहे?"
"बॉयलर बदलला तेव्हापासून."

मशीन थांबलं.
कपडे काढायला हवेत, ती म्हणाली,
पण फोन तिने ठेवला नाही,
मीही नाही.