दाराचा तुकडा

श्रावण सरत आलेला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत
दोनशे गणपती डोळ्यांवाचून बसलेले,
आणि रुकडीकर वकील पिशवीतून काढतात
टॉवेलात गुंडाळलेली बाई. वीतभर.
"युरोपातली. अडीचशे वर्षांची.
आजोबांनी कुठल्याशा लिलावात घेतलेली.
आखणीचा तुमचा हात हलत नाही म्हणतात, शालनताई,
म्हणून आणली."

चिनी माती. आमच्या शाडूची लांबचीसुद्धा कुणी नव्हे.
टिचकी मारली, तर नवी बांगडी वाजावी तशी वाजली.

मेंढपाळीण आहे म्हणे.
मेंढरामागची बाई मी पाहिली आहे पट्टणकोडोलीच्या वाटेवर:
घोड्यावर बाजलं, बाजल्यावर कोंबडी, कोंबडीशेजारी पोर,
आणि ती पुढं, तोंडात तंबाखू, कुत्र्याला शिव्या देत.
हिच्या बुटाला टाच. मेंढराच्या गळ्यात निळी फीत.
गालाला गुलाबी, मी उंदराच्या कानात भरते तोच.

वकील सांगत जातात, चष्मा पुसत:
मेंढरू म्हणजे भोळेपणा, पायाशी कुत्रं म्हणजे निष्ठा,
टोपलीतली द्राक्षं म्हणजे शरद, गुलाब म्हणजे, तेच आपलं.
आमच्यातही असतंच की, म्हटलं,
सुपाएवढा कान म्हणजे सगळ्यांचं ऐकून घेणारा.
"आणि हातातला पिंजरा?"
ते गप्प. मग बाहेरच्या रिक्षाकडं बघत,
"दार मिटलेलं असलं, तर पोरगी घरातली.
उघडं असलं, तर... पाखरू उडालं. समजून घ्या."

समजलं.
पिंजऱ्यात पाखरू नव्हतंच.
दार तेवढं काडेपेटीत, कापसात.
"मिटलेलं लावा. रविवारी वैजयंतीला बघायला येणार आहेत,
दिवाणखान्यात समोरच असते ही."

रात्री हातातली मूर्ती पंख्याखाली सरकवून
तुकडा काठाला लावून बघितला.
मिटलेला बसत नाही. गव्हाएवढी फट राहते.
कानस मारली तर बसेल.
उघडा धरला, तर भेगेत भेग अशी गेली
की माझ्याच नखाला सापडेना.

उलटी केली. बुडाला भोक, भट्टीतली हवा जायला.
आत बॅटरी मारली, तर त्या पांढऱ्या पोकळीत
एक अंगठा. ओल्या मातीत दाबलेला,
रेषा अजून मोजून घ्याव्यात असा.
बाईचा असावा. बारीक होता.

कानस परत डब्यात ठेवली.

शनिवारी वकिलांनी टॉवेल उलगडला,
बराच वेळ बघत राहिले. ठरलेले पैसे दिले.
"पिंजऱ्याची बाजू भिंतीकडं करून ठेवतो," म्हणाले.
ठेवा की.
माझे अजून एकशे चाळीस जणांचे डोळे उघडायचे होते,
आणि वाटीतला काळा रंग
दाट होत चालला होता.