दोन्हींचा एकच व

कुताईसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे,
बेकरीच्या जिन्याखाली माझं दुकान.
छत इतकं खाली, की उंच गिऱ्हाईक
आपोआप नम्र होतं.

लमारा बुटकी. ताठ मानेनं आली,
नवऱ्याचा लॅपटॉप टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून,
मधाची चौकट धरतात तसा, दोन्ही हातांनी.
डिस्क गेली होती. नवी बसवली.
स्क्रीननं लायसन्सची किल्ली मागितली,
पंचवीस अक्षरं.

उलटा करून स्टिकर पाहिलं.
अकरा वर्षं अवतांदिलच्या मांडीवर घासून
तिथं उरलेला फक्त एक चंदेरी डाग.
"त्याची विजार आणू का?" ती म्हणाली,
"तिच्यावर उमटली असेल."

मग पिशवीतून वही निघाली. पोळ्यांचा हिशेब:
चेस्टनटचा मध, अकेशियाचा मध, मेलेल्या राण्या,
आणि शेवटच्या पानावर किल्ली,
त्यानं आमच्या लिपीत उतरवलेली,
कारण परकी अक्षरं त्याला चित्रांसारखी दिसत.

तिनं वाचली. एका दमात.
पाच पाचांचे पाच गठ्ठे,
व्यंजनं, मध्येच कुठे आकडा,
स्वर एकही नाही.
आम्हांला त्याचं काही वाटत नाही,
आमचे साधे शब्दही दगडावर दगड रचल्यासारखे.
ऐकताना मला वाटलं, हे डोंगरातल्या
एखाद्या गावाचं नाव असावं
जिथं अजून आठवड्यातून एकदा बस जाते.

अडचण व ची.
त्यांचे व दोन, एकेरी आणि दुहेरी.
आमचा एकच, दोन्हींचं काम करणारा.
वहीत व तीन. म्हणजे वाटा आठ.
आठही चाललो. आठही वेळा तेच लाल वाक्य:
ही किल्ली चालत नाही.

"माझ्याशी खोटं बोलला असेल," ती म्हणाली,
"वहीशी नाही."

वर पावांची दुसरी खेप निघाली,
फटीतून पीठ झिरपलं कीबोर्डवर.
ते झाडताना पेनड्राइव्हवरची माझीच चिठ्ठी दिसली:
'कचेरीची आवृत्ती'.
त्यानं घेतलेली घरगुती, स्वस्तातली.
दोन तास मी एका भल्या माणसाची किल्ली
शेजाऱ्याच्या दाराला लावत होतो.

हे तिला सांगितलं. सांगायला वेळ लागला.
ती हसली नाही. खुर्ची पुढे ओढली. "लाव."

पाचव्या खेपेला उघडलं.
मधला व दुहेरी, बाकीचे साधे.

आत निळा पडदा, कचऱ्याची टोपली,
तीही रिकामी.
आधीच बजावलं होतं, आत काही नसेल;
तरी ती बघत राहिली,
झाकण उचलून पोळ्यात बघतात तशी, श्वास धरून.

वापरणार कोण, मशीननं विचारलं.
तिनं एका बोटानं स्वतःचं नाव लिहिलं,
सगळ्या स्वरांसकट.

पैसे घेतले. मधही घेतला, भांडण नको म्हणून.
वही परत देण्याआधी
मधल्या व खाली पेन्सिलीनं एक रेघ मारली.
पुन्हा कुणाला तरी लागेल.