अकराच्या आधी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोर्टाची सही झाली,
असं बिराजदार साहेब म्हणाले.
साहेब म्हणजे रिसीव्हर.
आमच्या गल्लीत त्यांना सीलवाला म्हणतात.

नव्या पेठेत, पहिल्या मजल्यावर,
दाराला डकवलेला कागद मी तीनदा वाचला:
सीनाकाठ आयुर्विम्याची स्थावर, जंगम,
खुर्च्या, पंखे, बँकेतली शिल्लक, येणं असलेला पैसा
कोणीही विकू नये, हलवू नये, गहाण टाकू नये,
कोणीही दावा लावू नये, वसुलीस येऊ नये,
पुढील आदेशापर्यंत.

कोणीही म्हणजे मालक, मला वाटलं.
मग कळलं,
कोणीही म्हणजे नरसूबाई चिप्पासुद्धा.

त्या दिवशी माझ्या पिशवीत आठशे वीस रुपये होते.
एक्केचाळीस बाया, वीस-वीस रुपये,
अशोक चौकामागे दारोदार फिरून आणलेले.
अकराच्या आधीचे कंपनीचे, साहेब म्हणाले,
नंतरचे ज्याचे त्याला परत.
प्रत्येकीपुढे वेळ लिहा, अंबादास.
माणूस वाईट नाही. आधी पाणी दिलं, मग पेन दिलं.

माझ्याकडे घड्याळ नाही.
चौतीस जणींचं जमलं, नळ जायच्या आधीच्या त्या.
सहा जणींचं जमलं, शाळा सुटल्यावरच्या.
उरली नरसूबाई.

तिला जाऊन विचारलं.
सूप मांडीवर, पान कातरीत,
मान वर न करता म्हणाली,
तुला नोट दिली तेव्हा चारशेवी बांधत होते.
बसलीस कधी?
सातला. सातच्या जरा आधी. नातू रडत होता, मग जरा नंतर.
तासाला शंभर, कधी पंच्याण्णव,
पान ओलं नसेल तर एकशे पाच.

उंबऱ्यावर बसून मी हिशेब मांडला.
आधी लिहिलं तर हप्ता भरल्यात जमा,
यादीत तिचं नाव शाबूत, वीस रुपये कुलपात.
नंतर लिहिलं तर वीस रुपये हातात,
हप्ता चुकलेला,
आणि चौदा वर्षांचं काय, ते कागदात नाही.

तुला काय लिहू?
खरं लिही, म्हणाली.
अरे, पण जास्त काय मिळेल?

तेही साहेबांना विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
पुढील आदेशापर्यंत सांगता येत नाही.

मी लिहिलं: अकरा.
आधी नाही, नंतर नाही.
साहेब बराच वेळ बघत राहिले,
मग पट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखला,
वर लिहिलं, उचंत.
वीसची नोट पाकिटात, पाकिटावर लाख,
लाखेवर कोर्टाचा शिक्का.
पाकीट बंद झालं तरी
टेबलावर जर्द्याचा वास होता.
साहेबांना दोन शिंका आल्या.

बाकीच्या सहा जणींचे एकशे वीस
मी त्याच संध्याकाळी वाटून आलो.
नरसूबाईच्या दारावरून जाताना
ती मोजत होती, तेलुगूत, ओठांतल्या ओठांत.
मी थांबलो नाही.
आकडा चुकला असता तिचा.