कुमसाराची पेटी

मे सरत आला की पाद्री सांगतात,
"इनासीन, पेटीला तेल लाव."
पेटी म्हणजे कुमसाराची. सागाची, तीन खणांची.
मधल्या खणात ते बसतात,
दोन्ही अंगांना आम्ही गुडघे टेकतो,
मध्ये पितळी जाळी. तिच्या भोकांतून
पाप आत जातं, तोंड बाहेर राहतं.

तेल काजूच्या टरफलाचं. काळं, दाट,
होडीच्या बुडाला लावतात तेच.
वेंगुर्ल्याहून डबा आणतो रुझार
आणि दरवर्षी बजावतो: आधी हातांना खोबरेल चोळ,
नाहीतर कातडं सोलून निघेल.
मी चोळते. कोपरापर्यंत.
लाकूड राखायला निघालेला हात
आधी राखावा लागतो,
एवढं मला त्या डब्याने शिकवलं.

वाळवी समोरून येत नाही.
समोर व्हार्निश चकाकतं,
क्रुसाभोवतीची कोरीव वेल जशीच्या तशी.
ती येते भिंतीला टेकलेल्या बाजूने,
जिथे झाडू जात नाही.
मातीची एक रेघ, टाक्यासारखी बारीक.
बोट दाबलं की आत पोकळ.
म्हणून प्रत्येक फळी मी वाजवून बघते,
नारळ वाजवावा तशी, कान लावून.

बावीस वर्षं झाली.
काय काय ऐकलं असेल या लाकडाने:
दुसऱ्याच्या जाळ्यातून रातोरात काढलेली सुरमई,
भावाला न विचारता फिरवलेला सातबारा,
दारू, दारू, पुन्हा दारू,
आणि त्या एका पोरीचं, जे सांगता सांगता
ती उठून निघूनच गेली होती.
लाकूड बोलत नाही. वजन धरतं.
पावसात दार फुगून बसतं तेव्हा मला वाटतं,
ही सगळीच काही ओल नाही.

माझं मात्र तिने अर्धंच ऐकलंय.
दर पास्काला मी सांगते:
पाद्री, सुनेवर ओरडले,
शुक्रवारी कोंबडीचा रस्सा खाल्ला.
फिलूचं नाव घेत नाही.

आईचे कानातले काप फिलूला जायचे होते.
मी म्हटलं, विहिरीत पडले.
फिलूने विहीर उपसायला घेतली.
दोन दिवस, स्वतः आत उतरून,
गाळाची घमेली चिवडत, चिंबोऱ्या बाजूला सारत.
मी काठावर उभी होते.
दोर मीच धरला होता.

यंदा खालची फळी लावायला
पेटीशी गुडघे टेकले, तर ते नेमके
बाकीच्यांच्या गुडघ्यांनी पाडलेल्या खळग्यात बसले.
पाद्री सावंतवाडीला दात काढायला गेलेले.
जाळीमागे कोणी नव्हतं.
मी बोलले. विहीर, घमेली, दोर, सगळं.
घाम पुसायला हात उचलला आणि कळलं
की आज खोबरेल चोळायलाच विसरले.

कोणी क्षमा दिली नाही.
घंटेच्या दोरावरून एक खार उतरली, थांबली, गेली.

काप भाताच्या कणगीत होते, अकरा वर्षं.
कनवटीला बांधले, तरीने खाडी ओलांडली.
फिलू अंगणात आगोटीसाठी बांगडे खारवत होती.
अकरा वर्षांत ती जाडावली आहे.
मी काय बोलायचं ते तरीत बसून
तीनदा जुळवून आणलं होतं.
तिने आधी माझे तळवे पाहिले.
"हाताक काय झाला गो तुज्या?"

उत्तराची वाट न पाहता आत गेली,
मीठ धुऊन आली, बरणी घेऊन.
उंबऱ्यावर मला बसवलं
आणि एकेका बोटाला खोबरेल लावू लागली,
फोडांच्या कडेकडेने, फुंकर घालत,
आई लावायची तसं.

कनवटीची गाठ सोडायला
मला हात हवे होते.
ते तिच्या हातांत होते.