पाणी कुठे मुरतं

नदी मी नंतर पाहिली. आधी नकाशा.
ईडनला मिळणारा एक लहानसा ओढा,
त्याचं खोरं पाच मीटरच्या चौकोनांत चिरलेलं,
सोळा लाख चौकोन,
आणि प्रत्येकाला माझे दोनच प्रश्न:
तुझी माती सुटेल का?
सुटलीच, तर पोचेल का?

बाकी सगळा गुणाकार.
माथ्यावरची सैल माती निर्दोष ठरते,
कारण खाली येता येता तिची वाट कोरडी पडते.
वाटेतला सर्वांत कोरडा चौकोन
वरच्या सगळ्यांची जामीनकी घेतो.
पाणी मुरतंय तिथे संशय नाही, मी लिहिलं,
संशय, जिथे मुरत नाही तिथे.

ओढ्यात कुणाचा पाइप सुटलेला नाही
की फोटो काढावा आणि खापर फोडावं.
थोडं शेण इथलं, चिमूटभर फॉस्फरस तिथला,
ट्रॅक्टरच्या चाकोरीतून, मेंढ्यांच्या पायवाटेवरून,
सगळ्यांचं थोडं थोडं, म्हणून कुणाचंच नाही.
खाली गोट्यांच्या फटींत सॅमनची अंडी,
आणि त्या फटी बुजत चाललेल्या.

आयझॅक टॅलेंटायरच्या स्वयंपाकघरात
मी नकाशा पसरला. त्याने कोपऱ्यावर मग ठेवला,
चहाचं वर्तुळ नेमकं त्याच्याच गोठ्याभोवती उमटलं.
‘हे लाल कशाचं?’
जोखमीचं, म्हटलं. दोष नव्हे.
झालं असं काही म्हणत नाही मी. जर पाऊस आला, जर
कुरणाची माती उघडी असली…
‘जरला पण रंग असतो होय,’ तो म्हणाला,
आणि बूट चढवू लागला.

नोव्हेंबर. आडवा पाऊस.
त्याची कुत्री मॉस पुढे, मी वहीवर कोट धरून मागे.
लाल चौकोनावर पोचलो तर तिथे
गवत नुसतं ओलं. ओघळ नाही, चर नाही.
मी यंत्रावर जागा दोनदा तपासली.
तो गुडघ्यावर बसला, मग चक्क कान टेकवला जमिनीला,
आणि मला खूण केली.

खालून पाणी बोलत होतं.

‘बापाच्या नळ्या. भाजलेल्या मातीच्या.
हिवाळाभर खणत होता, मी सहा वर्षांचा.
कागदावर नाहीत. कागद कोण करणार?’
आवाजावर पाय ठेवत तो उतरत गेला,
वळला एका काटेरी झुडपाशी, पुन्हा वळला,
आणि थांबला खालच्या फाटकापाशी,
जिथे माझा नकाशा गाढ हिरवा होता.

फाटकात गाई उभ्या राहतात. दूध काढायच्या वेळेला,
रोज, दोनदा, वर्षानुवर्षं.
खुरांनी चेचून जमिनीची फरशी झालेली.
नळीचं तोंड तिथेच उघडत होतं,
शेण, माती, पाणी, सगळं एक होऊन,
कडक चहासारखं,
सरळ ओढ्यात.

उपग्रहाला चढ दिसतो, उतार दिसतो.
वाट बघत उभी असलेली गाय दिसत नाही.
लोक उगाच म्हणत नाहीत
पाणी कुठेतरी मुरतंय.
वहीतलं वाक्य मी खोडलं.
पेन्सिल ओल्या कागदात रुतली,
पुढच्या चार पानांवर त्या रेघेचा वळ आहे.

मार्चमध्ये त्याने फाटक वर सरकवलं, ऐंशी यार्ड.
माझ्यासाठी नाही, हे त्याने फोन करून सांगितलं.
गाईंचे खूर सडत होते म्हणून.

ओढ्याच्या बाटल्या मी अजून भरते, दर मंगळवारी.
आकडा हलला म्हणावं तर हलला,
नाही म्हणावं तर पाऊसच कमी होता यंदा.
मॉडेलमध्ये एक रकाना वाढवलाय: फाटकं.
तो भरायला उपग्रह उपयोगाचा नाही.
एकेका घराचं दार वाजवावं लागतं,
बूट बाहेर काढावे लागतात,
आणि नकाशावर मग ठेवू द्यावा लागतो.

काल हॅना बर्केटकडे गेले होते, पलीकडच्या उतारावर.
तिच्याकडे अकरा फाटकं.
सहावं तिला आठवेना.