मुळाचं टोक

कांदा बाबांच्या ठेल्यावरचाच,
सक्करदऱ्याच्या तर्रीपोह्यातून वाचलेला.
चार दिवस पाण्याच्या ग्लासावर बसवला,
मुळं फुटली, म्हाताऱ्याच्या मिशांसारखी.

साडेआठलाच कापा, ढेंगरे मॅडमनी बजावलेलं,
सकाळी पेशी विभागतात.
बाबा साडेचारला कापतात, दहा किलो.

ॲसिटोकार्मिन. दिव्यावरून तीनदा. अंगठ्यानं दाब.

आणि भिंगाखाली एक पेशी
ऐन वाटणीत थांबलेली:
लाल धागे दोन्हीकडे निघालेले,
इकडे जितके, तिकडे तितकेच.
मारली म्हणून तर दिसली.

जर्नलमध्ये लिहिलं, ॲनाफेज.
काका वेगळे निघाले तेव्हा
आमच्या वाट्याला कढई आली,
झारा नाही.

रात्री आकृती दाखवली.
"कांद्यात एवढं असते काय वं?"
बाबा म्हणाले,
आणि स्वतःची बोटं हुंगली.